फकीह आणि फकीर : माहिमच्या मखदूमांना आपण अर्धंच का वाचतो

सावंतवाडीतून आपण ही व्याख्यानमाला करतो, तेव्हा सुरुवात इथल्याच एका प्रश्नानं करू. मागच्या भागात चार इमाम, मुतझिला, अशअरी असं बरंच काही आपण एका दमात उरकलं. भाग संपल्यावर एका श्रोत्यानं विचारलं, ‘हे सगळं बगदाद-कुफ्याचं झालं. आमच्या कोकणातला मुसलमान यात कुठं बसतो? तो तर सूफींमुळं झालेला, त्याला या कायदेपंडितांशी काय देणंघेणं?’

प्रश्न प्रामाणिक होता. पण त्यात एक वाक्य दडलेलं आहे आणि ते मराठीत आपण इतक्यांदा वाचलंय की ते कुणी तपासून पाहत नाही. ते असं : इस्लाममध्ये दोन धारा. एक मुल्ला-काझींची, कोरडी, कायद्याची. दुसरी सूफींची, ओली, प्रेमाची. पहिली आपल्याला परकी, दुसरी आपली, संतांच्या जवळची. स्मरणिकांतून, दिवाळी अंकांतून, उरुसाच्या बातम्यांतून हे वाक्य फिरत असतं. दुसऱ्यांना कशाला बोल लावा, आम्हीही ते व्यासपीठावरून बोललो आहोत आणि टाळ्या घेतल्या आहेत. आज त्याच वाक्याचा हिशेब करायचा आहे.

त्यासाठी आपण एकच माणूस घेऊ. माहिमचे मखदूम अली, म्हणजे मुंबईत डिसेंबरात ज्यांचा उरूस भरतो आणि ज्यांच्या दर्ग्यावर पहिला मान मुंबई पोलिसांच्या संदलाचा असतो, ते. जन्म 1372, मृत्यू 1431. घराणं नवायत, म्हणजे अरबी समुद्राच्या काठाकाठानं वसलेल्या व्यापारी मुसलमानांपैकी. लोक त्यांना ‘मखदूम बाबा’ म्हणतात. पण जुन्या लेखनात त्यांच्या नावाला आणखी एक शब्द जोडलेला असतो : फकीह. फकीर नव्हे, फकीह! फकीह म्हणजे फिक्ह जाणणारा, धर्मशास्त्राचा जाणकार, आपल्याकडच्या भाषेत शास्त्री. कोकणात फकीह, फकी ही आडनावं आजही आहेत. आपल्या कानाला दोन शब्द सारखे लागतात म्हणून म्हणा किंवा ऐकायचं तेच ऐकायची सवय म्हणून म्हणा, आपण त्या ‘ह’चा ‘र’ करून टाकला आणि मोकळे झालो.

मखदूमांबद्दल सगळ्यांना ठाऊक असलेली कथा आईची आहे. आईनं रात्री पाणी मागितलं, पाणी घेऊन येईपर्यंत तिचा डोळा लागला, आणि मुलगा पेला हातात धरून पहाटेपर्यंत उभा राहिला. सुंदर कथा आहे. पुंडलिकाच्या विटेपासून ती फार लांब नाही, म्हणून मराठी माणसाला ती लगेच पटते. पण या मुलानं पुढं काय लिहिलं, हे विचारलं की सभा शांत होते. त्यांनी अरबीत कुराणाचं संपूर्ण भाष्य लिहिलं. नाव ‘तब्सीर-उर-रहमान’. हे भाष्य एकोणिसाव्या शतकात कैरोजवळच्या बुलाकच्या छापखान्यात छापलं गेलं. माहिमच्या बेटावर लिहिलेला ग्रंथ इजिप्तमध्ये छापावासा वाटला, यावरून त्याची योग्यता लक्षात घ्या. शिवाय इब्न अरबी या 1240 साली वारलेल्या थोर, आणि फार वादग्रस्त, गूढवादी पंडिताच्या ‘फुसूस-उल-हिकम’वर त्यांची टीका आहे. शरीयतच्या आज्ञांमागचे हेतू उलगडणारा त्यांचा ग्रंथ आहे. आणि शाफई पंथाच्या फिक्हवरची त्यांच्या नावची पुस्तिका कोकणी मुसलमानांत चालत आली आहे. म्हणजे नमाज-रोज्याचे नियम सांगणारा आणि इब्न अरबीच्या अद्वैतासारख्या विचारावर भाष्य करणारा एकच लेखक. आपल्या त्या लाडक्या वाक्यात या माणसाला बसवायचं कुठं?

आता जरा बगदादला जाऊ. कारण या वाक्याचा सगळ्यात मोठा साक्षीदार म्हणून हल्लाजला उभं करतात. 922 साली बगदादमध्ये हल्लाजला हाल करून मारलं. प्रेमाचा माणूस, कायद्यानं मारला, खटला संपला, असं आपण सांगतो. पण कागद उघडून बघा. हल्लाजविरुद्ध पहिली मोठी ओरड कुणी केली? इब्न दाऊद नावाच्या पंडितानं. हा जाहिरी पंथाच्या संस्थापकाचा मुलगा, शब्दाच्या उघड अर्थाला चिकटून राहणारा. इथवर आपल्या वाक्याला धक्का नाही. पण हाच इब्न दाऊद अरबीतल्या प्रेमकवितेचा एक नामांकित संग्रह करणारा रसिक, ‘किताब-उझ-झहरा’चा कर्ता. प्रेमावर त्याच्याइतकं बारकाईनं लिहिणारे त्या काळी थोडे. आणि हल्लाजला दोषी ठरवायला नकार कुणी दिला? इब्न सुरैजनं. हा त्या काळातला बगदादचा सर्वांत मोठा शाफई कायदेपंडित, इब्न दाऊदचा वादातला कायमचा प्रतिस्पर्धी. त्याची भूमिका थोडक्यात अशी सांगतात की, या माणसाच्या आतल्या अवस्थेचं मला ज्ञान नाही, म्हणून त्याविषयी मी निकाल देणार नाही. नीट ऐका. हा भावनेच्या भरात दिलेला नकार नाही. हा कायद्याचा नकार आहे. न्यायालयाचा अधिकार दिसणाऱ्या कृतीवर चालतो, अंतःकरणावर चालत नाही, ही अधिकारक्षेत्राची मर्यादा तो सांगत होता. म्हणजे प्रेमाच्या रसिकानं हल्लाजला शिक्षा मागितली आणि कायद्याच्या पंडितानं त्याला काही वर्षं वाचवलं.

आता कुणी म्हणेल, शेवटी मारला तो काझीनंच ना? हो. इब्न दाऊद 910 मध्ये गेला, इब्न सुरैज 918 मध्ये. त्यानंतर वजीर हामिदनं पुन्हा खटला उभा केला, त्यात दरबारातली भांडणं, पैसा, लोकांच्या उठावाची भीती हे सगळं होतं. मालिकी काझी अबू उमरनं हुकमावर सही केली. निमित्त काय, तर ज्याला हजला जाणं शक्य नाही त्यानं घरातच एक खोली पवित्र करून तिला प्रदक्षिणा घालावी, 30 अनाथांना जेवू घालावं, असं हल्लाजच्या लिखाणात सापडलं. कायद्याचे हात त्या रक्तात भिजलेले आहेत, ते धुऊन काढायचा आमचा उद्योग नाही. आम्ही एवढंच म्हणतो की त्या खटल्यात ‘कायदा’ हा एक माणूस नव्हता. तिथं वेगवेगळे पंथ होते, वेगवेगळे काझी होते, आणि मौन बाळगणारा पंडितही होता.

हल्लाजचे समकालीन जुनैद, ज्यांना सूफी लोक आपल्या वाटेचे धुरीण मानतात, ते शाफईंचा शिष्य अबू सौर याच्याकडे फिक्ह शिकले होते. पुढं कुशैरी, पुढं गझाली. दोघंही फिक्हमध्ये शाफई, धर्मतत्त्वात अशअरी आणि साधनेत सूफी. गझालींनी 1095 साली बगदादच्या निझामिया मदरशाची मोठी जागा सोडली हे आपण रंगवून सांगतो, पण त्यांनी शाफई फिक्ह सोडलं नाही हे सांगायचं राहून जातं. आपल्याकडं एकनाथांना कुणी विचारलं का, की तुम्ही शास्त्र शिकलेले, मग भक्त कसे? नाथांच्या बाबतीत आपल्याला जे सहज कळतं ते मुसलमान पंडिताच्या बाबतीत कळत नाही, कारण तिथं आपण आधीच दोन खुर्च्या मांडून ठेवलेल्या असतात.

खुद्द इमाम शाफई (767 ते 820) यांच्याविषयी थोडं. गझ्झात जन्म, मक्केत वाढले, मदिनेत मालिककडे शिकले, बगदादेत अबू हनीफांच्या शिष्यांशी वाद घातले, शेवटी इजिप्तला गेले आणि तिथं आपली कितीतरी मतं स्वतःच बदलली. त्यांच्या पंथात आजही ‘जुनं मत’ आणि ‘नवं मत’ असे शब्द आहेत. जुनं इराकचं, नवं मिसरचं. कायद्याच्या चार उगमांची त्यांनी घातलेली शिस्त, म्हणजे कुराण, सुन्ना, एकमत आणि उपमानावरून निष्कर्ष, ती आपण मागच्या भागात पाहिली. इथं एवढंच लक्षात ठेवायचं की ज्याला आपण दगडात कोरलेला कायदा म्हणतो, त्याचा एक मूळ पुरुष देश बदलल्यावर मत बदलणारा होता.

आता आपल्या किनाऱ्यावर या. आंबोलीचा घाट चढून वर गेलात की ढोबळमानानं मुसलमान हनफी. घाट उतरून खाली आलात की कोकणी मुसलमान शाफई. भटकळचे नवायत शाफई, मलबारचे माप्पिळा शाफई, पुढं श्रीलंका, आचे, जावा, इकडं येमेन आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा, सगळीकडे मुख्यतः तेच. हनफी मत तुर्क-अफगाणांबरोबर घोड्यावरून आलं, शाफई मत गलबतातून आलं. मसऊदी हा प्रवासी 916-17 च्या सुमारास चौलला आला होता. अरब त्याला सैमूर म्हणत. त्यानं तिथं सुमारे 10 हजार मुसलमान असल्याचं लिहिलंय. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले, आणि इथंच जन्मलेले, ज्यांना तो बयासिरा म्हणतो. राजा मुसलमान नव्हता. त्यानं या लोकांचे व्यवहार बघायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. त्याच सुमाराचा, 926 चा, चिंचणीचा ताम्रपट आहे. त्यात राष्ट्रकूटांच्या वतीनं संजाण सांभाळणारा ताजिक अधिकारी महंमद भेटतो. संस्कृतात त्याचा ‘मधुमति’ झालाय आणि तो देवीच्या मठाला दान द्यायला संमती देतोय. तारखा शेजारी ठेवून बघा. बगदादेत हल्लाजचा खटला चालू होता त्या दशकात बगदादचे लोक चौलच्या बाजारात फिरत होते. ‘बगदादचं आणि आमचं काय’ या प्रश्नाला याहून जवळचं उत्तर आम्हाला देता येणार नाही.

आणि दर्याकाठी शाफई असण्याचा एक रोकडा अर्थ आहे, तो मालवणी माणसाला वेगळा समजवायला नको. हनफी मताप्रमाणं पाण्यातला खाण्याजोगा जीव म्हणजे फक्त मासा. मग सुंगट मासा आहे की नाही यावर हनफी पंडितांनी पानंच्या पानं खर्च केली आहेत. शाफई मतानं समुद्रातलं जवळजवळ सगळं मोकळं केलंय. कुर्लीबद्दल मात्र शाफईंतही दोन मतं, कारण ती बाई पाण्यातही राहते आणि जमिनीवरही फिरते. हसू नका. कायदा जगण्याला कसा चिकटलेला असतो ते इथं दिसतं. ज्याला आपण कोरडं म्हणतो ते असं ओल्या टोपलीपर्यंत पोचलेलं असतं.

परत मखदूमांकडे येऊ, कारण मुख्य गोष्ट अजून सांगायची आहे. त्यांच्या भाष्यात एक प्रकार असा आहे की तो पहिल्यांदा कळला तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. कुराणात 114 सूरा आहेत. नववी सोडली तर प्रत्येकीच्या आरंभी ‘बिस्मिल्लाह’चं तेच वाक्य येतं. बहुतेक भाष्यकार पहिल्या सूरेत त्याचा अर्थ सविस्तर सांगतात आणि पुढं जातात. साहजिक आहे, वाक्य तेच आहे. मखदूम तसं करत नाहीत. ते प्रत्येक सूरेच्या आरंभी त्याच वाक्याचा अर्थ नव्यानं, त्या सूरेच्या विषयाला धरून करतात. दयाळू म्हणजे इथं कुणाबद्दल दयाळू, कोणत्या रीतीनं दयाळू, हे दर वेळी वेगळं. आयत आयतीला कशी जोडलेली आहे, सूरेला हेच नाव का, याचाही ते असाच शोध घेतात.

हे कुणाचं वाचन? आपली सवय लगेच म्हणेल, सूफीचं. बरोबर आहे. इब्न अरबीच्या परंपरेत एक मोठं सूत्र आहे की परमेश्वराच्या प्रकट होण्यात पुनरुक्ती नसते, दर क्षणी तो नव्यानं प्रकटतो. मग त्याच्या नावाचं वाक्य 113 वेळा आलं तर ते 113 वेळा नवंच असलं पाहिजे. पण थांबा. कायद्याच्या पंडिताला विचारा. तोही म्हणेल, आधारवचनातला एकही शब्द वायफळ धरायचा नाही, दोनदा आला तर दुसऱ्यांदा येण्याचं कारण शोधायचं. वकिली करणारे श्रोते हे लगेच ओळखतील. म्हणजे मखदूमांच्या त्या एका पद्धतीत फकीहाची शिस्त आणि सूफीची दृष्टी इतकी एकजीव झाली आहे की सुरी घालून वेगळं करायला गेलात तर दोन्ही मरतील. आम्हाला हा माणूस मोठा वाटतो तो या ठिकाणी. तो कायदेपंडित असूनही सूफी होता, असं त्याच्याबद्दल म्हणणं चूक आहे. त्यातलं ‘असूनही’ आपलं आहे, त्याचं नाही.

मराठीत या विषयावर काम झालेलं नाही असं नाही. सेतुमाधवराव पगडींनी फारसी-उर्दूच्या बळावर सूफी संप्रदायावर लिहिलं, तेव्हा मराठी वाचकाला ती दुनिया पहिल्यांदा नीट दिसली. रा. चिं. ढेऱ्यांचं ‘मुसलमान मराठी संतकवी’ नसतं तर श्रीगोंद्याचे शेख महंमद, मृत्युंजय म्हणवणारे शहा मुंतोजी, गीतेवर टीका लिहिणारे हुसेन अंबरखान ही नावं अभ्यासकांपलीकडे गेली नसती. ढेऱ्यांचे उपकार आम्ही डोक्यावर घेतो. पण त्या पुस्तकाचं शीर्षकच एक चाळण आहे. मुसलमान हवा, मराठीत लिहिणारा हवा, संत हवा. अरबीत लिहिणारा माहिमचा फकीह त्या चाळणीतून खाली पडतो. ढेऱ्यांचा तो विषयच नव्हता, त्यामुळं हा त्यांच्यावरचा आरोप नाही. आरोप नंतरच्या आमच्यासारख्यांवर आहे. आम्ही ढेऱ्यांची चाळण घेतली आणि तिच्यातून वर राहिलं तेवढाच ‘आपला’ इस्लाम, असं ठरवून टाकलं. जो आपल्या भाषेत, आपल्या छंदात, आपल्या देवाविषयी बोलला तो चांगला. बाकीचे मुल्ला. याला अभ्यास म्हणत नाहीत, याला पाहुण्याची परीक्षा म्हणतात.

उलट टोकही तितकंच कच्चं. रिचर्ड ईटन यांनी 1978 साली विजापूरच्या सूफींवर पुस्तक लिहिलं. आपला बांदा ज्या आदिलशाहीत होता तीच ही. त्यात सूफींच्या अनेक भूमिका दिसतात : दरबारापासून दूर राहणारे, जमिनीच्या इनामांवर गब्बर झालेले, दखनीत जात्यावरच्या ओव्यांच्या चालीवर लिहिणारे, आणि धर्माचरण कडक करा म्हणून सुलतानाच्या मागं लागणारेसुद्धा. म्हणजे सूफी म्हटला की उदार, हेही गणित चुकतं.

आता यात पणाला काय लागलंय ते सांगतो. आज कोकणातल्या गावागावांत मुसलमान तरुणांना दोन बाजूंनी एकच गोष्ट ऐकू येते. बाहेरचे म्हणतात, तुम्ही दर्ग्याचे आहात तोवर आपले, शरीयत म्हणालात की परके. घरातले काही नवशिके म्हणतात, दर्गा सोडा, तो इस्लाम नव्हे, शुद्ध ग्रंथ तेवढा धरा. दोघांचा एकमेकांवर राग आहे, पण दोघांनी मखदूमांचे तुकडे अगदी एकाच रेषेवर केलेत. एकानं कबर ठेवली, दुसऱ्यानं ग्रंथ ठेवतो म्हटलं. पण ज्याच्या कबरीविषयी भांडण आहे त्याचाच ग्रंथ कुणी उघडलेला नाही.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळू नये. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी 1966 साली सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन विधानभवनावर मोर्चा नेला, तो तोंडी तलाकविरुद्ध. त्यांना कुणी फकीहांची थोरवी ऐकवली असती तर ते म्हणाले असते, तुमचा फकीह गझालीइतका मोठा असेल, या बायांना त्याचा उपयोग काय? आमच्याकडं याला पूर्ण उत्तर नाही. नागरिकाचा हक्क इतिहासातल्या पंडिताच्या मोठेपणावर अवलंबून असू नये, हे दलवाईंचं म्हणणं आम्हाला मान्य आहे. पण ‘कायदा हा एकच आणि कधी न हललेला’ हे जर मान्य केलं तर आपण सनातन्यांचीच साक्ष काढतो, एवढं मात्र म्हणू.

1864 चा मुंबई हायकोर्टातला एक खटला बघा. शाफई मतानुसार कुमारिकेच्या लग्नाला, ती वयात आलेली असली तरी, बाप वली म्हणून लागतो. हनफी मतानुसार वयात आलेली मुलगी स्वतः लग्न ठरवू शकते. एका शाफई घरातल्या मुलीनं हनफी पंथ धरला आणि बापाच्या संमतीशिवाय लग्न केलं. कोर्टानं निकाल दिला की वयात आलेल्या सुन्नी स्त्रीला चारांपैकी हवा तो पंथ निवडता येतो, आणि पुढची तिची कृती त्या पंथाप्रमाणं तपासली जाईल. लग्न टिकलं. त्या मुलीनं फिक्हचे ग्रंथ वाचले असतील असं आम्ही म्हणत नाही. पण चार इमामांनी हजार वर्षांपूर्वी घातलेल्या वादातली एक फट तिला सापडली आणि ती त्यातून बाहेर पडली. बगदाद-कुफ्याचं आम्हाला काय, असं तिनं विचारलं नसतं.

असो, वेळ होत आलीय. पुढच्या भागात याच कोर्टातला 1866 चा खोजांचा खटला घेऊ. खोजे सुन्नी की इस्माइली, हे तिथं इंग्रज न्यायाधीशाला ठरवावं लागलं, आणि त्यासाठी त्याला इमामतीच्या वादापर्यंत मागं जावं लागलं. शिया पंथांवर मागच्या वेळी आपण फार घाई केली, ती चूकही तेव्हा भरून काढू. मधल्या काळात कुर्लीविषयी ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी जरूर लिहावं.